डोक्यातला खांब

४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पोहोचलो, आणि अजून कुणी हाकललेलं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं माझं सगळं सामान पाठीवरच होतं, पण तपासणीवाल्या बाईंनी ते टेबलावर मांडायला लावलं आणि एकेक लेन्स उघडून आत डोकावून पाहिलं. आत काही दिसलं नाही म्हणून त्यांची जरा निराशा झाली असावी.

परवान्यावर काय लिहिलंय ऐक. जुनी दारं. फक्त दारं. पुस्तकाच्या प्रकाशकांनी अर्जात दारं म्हटलं होतं, तेव्हा दारंच. दारात माणूस उभा असेल तर तो बाजूला होईपर्यंत थांबायचं. पूल नको, मनोरा नको, गणवेश नको, माणसांची रांग नको. इथल्या कुणाच्या घरी जायचं नाही. हे सगळं त्या बाईंनी मला शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचायला लावलं आणि खाली सही घेतली. आता मी इतकी दारं पाहिलीत की स्वप्नातही कड्या दिसतात.

गाडी आणि ड्रायव्हर परवाना देणाऱ्या कचेरीनेच दिलेत. ड्रायव्हरकाका साठीच्या घरातले, करड्या स्वेटरची कोपरं रफू केलेली. चांगलं दार दिसलं की मी तोंड उघडायच्या आत गाडी थांबवतात आणि म्हणतात, "हे घ्या, याचं नाक बरं आहे." बोलतात कमी, पण बोलले की मी दिवसभर हसतो. त्यांची मुलगी नर्सची परीक्षा पास झालीय. लवकरच दुसऱ्या गावी नोकरीवर जाणार, पहिल्यांदाच घर सोडून. काल आरशातून माझ्याकडे बघत काका म्हणाले, "आम्हा दोघांचा एक फोटो होईल का? ओळखपत्रावरचे आहेत, पण एकत्र एकही नाही."

ताई, नाही कसं म्हणणार? काढला. कुठे, कसा, ते भेटल्यावर सांगेन, पत्रात नको.

इथल्या कापडगिरणीत आपल्याकडचे एक इंजिनिअर आले होते, ते उद्या परत निघालेत. त्यांच्याबरोबर हे पत्र आणि तो रोल देतोय. डेव्हलप करून ठेव. काकांचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय, पण घाई नाही. मी आलो की कुणाबरोबर तरी हातोहात पाठवू.

तुझा
झिपऱ्या

---

१९ ऑक्टोबर

प्रिय झिपऱ्या,

इंजिनिअर स्वतः स्टुडिओत आले, रोल हातात दिला आणि चहा न घेता गेले. रोल त्यांनी मोज्यात लपवून आणला होता म्हणे. असले उद्योग लोकांना कशाला करायला लावतोस?

रोल धुतला. दारं झकास आली आहेत. पण शेवटचा फोटो बघून बाबा असते तर त्यांनी तुझा कान पिरगाळला असता. इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरतोस आणि माणसाच्या डोक्यातून खांब उगवू देतोस? पांढऱ्या भिंतीपुढे बापलेक उभे आहेत, उजेड छान आहे, आणि काकांच्या बरोबर टाळक्यातून ते लोखंडी टोक वर आलंय. विजेचा खांब आहे की काय कोण जाणे. भिंतीच्या कडेला कसलं तरी धुराडंही डोकावतंय. बाबा काय म्हणायचे? गिऱ्हाईक डोक्यातून खांब घेऊन आलं तरी घरी जाताना त्याने नुसतं डोकंच न्यावं.

मग बसले. मोठी प्रिंट काढली, ब्रश आणि ब्लेड घेतलं, खांब काढला, धुराडं काढलं, वर आकाश भरलं आणि त्यावरून पुन्हा फोटो घेऊन नव्या प्रती काढल्या. हात लावून बघ, खुणा सापडायच्या नाहीत. समोरच्या हार्डवेअरवाल्यांना दाखवला तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्या हिचं माहेर असं पुसून देता का?"

आणि हो, घाई नाही म्हणालास, पण आपल्याकडे आठ दिवसांपलीकडे कुणाचा फोटो राहिलाय कधी? पोरगी नोकरीवर निघालीय, तिच्या सामानात तो जायला हवा. दोन प्रती पुठ्ठ्यात घालून थेट काकांच्या पत्त्यावर पोस्टाने टाकल्या. मागे स्टुडिओचा शिक्का आहेच. सोबत चिठ्ठीही लिहिली. काका विनोदी आहेत म्हणालास, म्हणून मीही तशीच लिहिली: "आमच्या धाकट्याने गडबड करून ठेवली होती. डोक्यातला खांब मी काढून टाकलाय. आता तिथे काही होतं हे कुणाच्या बापाला कळायचं नाही."

आवडेल ना रे त्यांना?

तुझी
ताई

---

६ नोव्हेंबर

आदरणीय ताई,

तुझं पत्र मिळालं. माझी प्रकृती चांगली आहे. दारांचं काम पूर्ण झालं आहे, पण मला इथे आणखी काही दिवस थांबावं लागेल. राहण्याची जागा बदलली आहे. खोली लहान आहे, पण स्वच्छ आहे. यापुढची पत्रं वर दिलेल्या कार्यालयामार्फत पाठवावीत.

तू आणखी प्रती काढू नयेस. कुणालाही काही पाठवू नयेस.

तो फोटो अगदीच वाईट आला होता. अशी निगेटिव्ह बाबांच्या डब्यातच जायच्या लायकीची असते. ती तिथेच टाकावी, ही विनंती.

माझं जे म्हणणं आहे ते मी संबंधितांना सांगितलं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. काळजी नसावी.

आपला नम्र
भाऊ

---

२० नोव्हेंबर

झिपऱ्या,

हे आदरणीय आणि आपला नम्र काय प्रकार आहे? मला वाटलं बँकेचं पत्र आलं. तुझ्याकडून नयेस आणि नसावी ऐकायची मला सवय नाही. रुसायचं असेल तर सरळ रूस.

तुझा राग कशाचा ते मला कळलं. मोठ्या फोटोग्राफरची चूक बहिणीने पकडली, वर परक्या माणसाला पत्र लिहून सांगितली. बरं, चुकलं. पण निगेटिव्ह बाबांच्या डब्यात टाक म्हणजे अतीच झालं. बाबा फसलेल्या निगेटिव्ह त्या पत्र्याच्या डब्यात साठवायचे आणि बंबात पेटवायचे, त्यावर आपल्या आंघोळी झाल्या, हे सगळं मला आठवतं. पण ही फसलेली नाही रे. पोरीचा चेहरा किती सुरेख आलाय. मी ती नीट पाकिटात घालून कपाटात ठेवलीय. आलास की तुझ्या देखत जाळ, माझ्या हातून होणार नाही.

तू तिकडे आहेस आणि मी इकडे बसून उंटावरून शेळ्या हाकते असं तुला वाटत असेल. तरी सांगते, काम संपलं असेल तर निघ. लहान आणि स्वच्छ खोलीत काय ठेवलंय एवढं?

काकांचं काही पत्र? फोटो मिळाला का?

ताई

---

२९ नोव्हेंबर

झिपऱ्या,

माझं आधीचं पत्र वाचू नकोस. आलं तर फाडून टाक.

आज दुपारी आपल्या वकिलातीतून फोन आला. मी एका लहान मुलीचा शाळेच्या फॉर्मसाठी फोटो काढत होते. तिला हलू नकोस म्हटलं आणि फोन घेतला. पलीकडच्या गृहस्थांनी आधी माझं नाव विचारलं, मग तुझं, आणि मग कागदावरून वाचावं तसं वाचून दाखवलं की तू महिनाभर कोठडीत आहेस. माझ्या पायाखालची वाळू सरकली. ती मुलगी तशीच न हलता बसून होती. तिच्या आईने मला खुर्चीवर बसवलं.

ते म्हणाले, तुमचं पाकीट तिथल्या पोस्टात उघडलं गेलं. त्यात फोटो निघाला आणि तुमच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. आता तिथे काही होतं हे कुणाला कळायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय का? मी म्हटलं हो.

तिथे काय होतं, हाच त्यांचा प्रश्न आहे म्हणे. एवढ्या सफाईने पुसलंय म्हणजे मोठंच काहीतरी असणार. आरोप हेरगिरीचा. शिक्षा किती वर्षांची तेही त्यांनी सांगितलं, पण माझ्या कानांनी ते आत घेतलं नाही. झिपऱ्या, मी आयुष्यभर लोकांच्या डोक्यांतले खांब काढले. त्यातल्या एकासाठी तुला कोंडलंय, हे मला अजून खरं वाटत नाही. रात्रीचं जेवण केलं, कपडे घड्या केले आणि मधेच हात थांबला.

पण मी हातावर हात ठेवून बसलेली नाही. मी त्या गृहस्थांना विचारलं, मूळ निगेटिव्ह दाखवली तर? तिच्यात एक लोखंडी टोक आहे, बोटाच्या नखाएवढं, बाकी काही नाही. ते म्हणाले, मूळ पुरावा मिळाला तर फारच चांगलं, लपवाछपवीचा संशयच मिटेल. तेव्हा कळलं, बरं झालं मी तुझं ऐकून डब्यात टाकली नाही.

आणि नुसती तेवढीच नाही. माझी सवयच अशी आहे हे त्यांना पटायला नको का? सबंध बाजार पालथा घातला. हार्डवेअरवाल्यांच्या साखरपुड्यात त्यांच्या डोक्यावर पंखा होता तो फोटो आणि मी पंखा काढून दिलेला, दोन्ही घेतले. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यातून बास्केटबॉलचा खांब आला होता, त्यांनी स्वतः आणून दिला. माझ्या लग्नातल्या फोटोत माझ्या कानातून नळ निघालाय, बाबांनी काढलेला, तोही घातला. जे ऐकतात ते आधी हसतात आणि मग घरी जाऊन आपला फोटो शोधून आणतात.

सगळं पाकीट उद्या वकिलातीच्या माणसाबरोबर जाईल. निगेटिव्ह सगळ्यात वर ठेवलीय. खऱ्याला मरण नाही असं बाबा म्हणायचे. थोडी कळ काढ.

तुझी
ताई

---

११ जानेवारी

ताई,

सुटलो. परवा रात्री माझ्या खोलीवर आलो. कॅमेरा, लेन्सेस, नंतर काढलेली दारं, सगळं तिकडेच राहिलं. फोन केला नाही कारण मला बोलता येणार नाही. लिहितोय तेही दुसऱ्यांदा. पहिलं पत्र फाडलं, ते तुला वाचवलं नसतं.

तुला जे माहीत नाही ते सांगतो.

फोटो काकांच्या घरी काढला होता. घरामागच्या अंगणात. परवान्यात इथल्या कुणाच्या घरी जायचं नाही हे मी मोठ्याने वाचून सही केली होती, आणि काकांना तर ते माझ्याहून जास्त माहीत होतं. परक्याला घरात घेतलं तर शिक्षा त्यांना आहे, मला नाही. पण मुलीला हॉटेलवर बोलावणं त्यांना बरं वाटेना आणि घरातला फोटो हवा होता. दहा मिनिटांचं काम म्हणून गेलो. मागच्या टेकडीवर लष्कराचा मनोरा आहे. काकांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मनोरा दिसू नये म्हणून स्वतः त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आता मीच झाकण." त्याचं टोक त्यांच्या डोक्यावरून वर आलंय हे मला भिंगातून दिसलं नाही. ती चूक माझी. घरात गेलो ती त्याहून मोठी.

तुझ्या पुसलेल्या फोटोत नुसती पांढरी भिंत होती. पांढरी भिंत कुठलीही असते. चौकशी करणारे साहेब शांत गृहस्थ, त्यांना सर्दी झालेली, सारखे नाक पुसायचे. रोज फोटो पुढे ठेवायचे आणि काकांच्या डोक्यावर पेन्सिल टेकवून विचारायचे, इथे काय होतं? पहिल्या दिवशी त्यांच्याच तोंडून निसटलं की ड्रायव्हर म्हणतो, हॉटेलमागची भिंत, मुलगी डबा द्यायला आली होती, वर कपडे वाळवायचा बांबू होता. काका आणि मी काहीच ठरवलं नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मी री ओढली. दोन महिने एकच पाढा. बांबू, साहेब. कपडे वाळवायचा बांबू. तोवर काकांना घरी जाऊ देत होते. मुलगी नोकरीवर जायची राहिली होती, पण होती घरीच.

म्हणून तुला लिहिलं होतं की डब्यात टाक. उघड कसं लिहिणार? पत्रं तेच साहेब वाचायचे. मला वाटलं, ताईला बाबांचा डबा म्हटलं की पुरे.

मग तुझं पाकीट आलं. साहेबांनी निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिली. नंतर तुझे सगळे फोटो टेबलावर मांडले, पंखा, बास्केटबॉल, तुझ्या कानातला नळ. ते हसले, ताई. खरंच हसले. म्हणाले, "तुमची बहीण प्रामाणिक बाई आहे. तुम्ही हेर नाही, हे मला पटलं. तुम्हाला भिंगातून धड दिसतही नाही." आणि मग निगेटिव्हमधल्या धुराड्यावर पेन्सिल ठेवून म्हणाले, "पण हे धुराडं हॉटेलचं नाही. आणि बांबू तर कुठेच नाही. मग तुम्ही दोघं इतके दिवस एकच खोटं का बोलत होता?"

मी म्हटलं, घर माझ्या हट्टाने पाहिलं, काकांनी नको म्हटलं होतं. त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मला विमानात बसवायला नेलं. जाताना लांब बोळातून नेतात. बाकावर काका बसले होते. तोच स्वेटर. माझ्याकडे पाहिलं नाही. ओळख दाखवली असती तर मला आणखी थांबवलं असतं, हे त्यांना कळत होतं.

मी आगीतून बाहेर आलो आणि काका फुफाट्यात गेले, हे मला सहन होत नाही. आणि तुझ्यावर चिडू म्हटलं तर तू मला सोडवलंस. हे मी कुठे नेऊन ठेवू?

झिपऱ्या

---

१९ जानेवारी

झिपऱ्या,

पत्र वाचलं. स्टुडिओ बंद केला आणि पुन्हा वाचलं.

तू सुटल्याचं वकिलातीने फोनवर कळवलं तेव्हा मी सगळ्यांना पेढे नाही पण साखर वाटली होती. हार्डवेअरवाले म्हणाले, आमच्या पंख्याने काम केलं. मुख्याध्यापिकाबाई रडल्या. आता त्यांना काय सांगू? ते अजून विचारतात, भाऊ कसा आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी दोनदा केलं, एकदा पुसून आणि एकदा न पुसता. डबा म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. तू रुसला आहेस एवढंच माझ्या डोक्यात आलं. लहानपणापासून तुझा रुसवा काढायची सवय, दुसरं काही सुचलंच नाही.

काल लिहायला बसले की खोटं मीच बोलायला लावलं, शिक्षा मला द्या. अर्धा कागद लिहिला आणि पेन खाली ठेवलं. इथून मी जे जे पाठवलं त्याने कुणाचं तरी वाईटच झालं. आता हा कागद कुणाला बुडवेल, मला कळत नाही. वकिलातीला विचारून पाहशील?

जेवत जा.

ताई

---

३ फेब्रुवारी

ताई,

परराष्ट्र खात्याच्या कचेरीत स्वतः जाऊन आलो. तुला फोन करणारे वकिलातीतले गृहस्थ सध्या इकडे आलेत, तेच भेटले. म्हणाले, तुमच्यासाठी आम्ही भांडू शकलो कारण तुम्ही आमचे. तो मनुष्य त्यांचा आहे. आम्ही नुसतं नाव उच्चारलं तरी परक्यांशी संबंध हा आणखी एक आरोप त्यांच्यावर लागेल.

थोडक्यात, आपण काही न करणं हीच मदत आहे.

प्रकाशकांनी विचारलं, दारांचं पुस्तक आठवणीतून लिहून देता का. मी उत्तर दिलेलं नाही.

झिपऱ्या

---

१४ मार्च

प्रिय झिपऱ्या,

कापडगिरणीचे ते इंजिनिअर पुन्हा तिकडे जाऊन आले. आज स्टुडिओत आले, आणि या वेळी चहाला थांबले. हॉटेलात त्यांनी कोट टांगला होता, घालताना खिशात घडी केलेला कागद लागला. कुणी ठेवला ते त्यांना माहीत नाही. वर नाव नव्हतं, फक्त "ज्या दुकानात फोटो धुतात तिथे" एवढंच.

मुलीचा आहे. तुझ्यासाठी उतरून काढते:

"वडील कुठे आहेत ते सांगत नाहीत. माझी नोकरी गेली. घराची झडती झाली तेव्हा होते नव्हते ते सगळे फोटो नेले, ओळखपत्रावरचेसुद्धा. तुमचं पाकीट आमच्यापर्यंत कधी आलंच नाही, त्यामुळे तो फोटो मी पाहिलेला नाही. तुमच्याकडे अजून असेल तर पाठवू नका. कुणालाच पाठवू नका. वडिलांचा तुमच्या भावावर राग नाही, ते त्याला दारवाला म्हणायचे. मला एकच जाणून घ्यायचं आहे. फोटो काढताना मी समोर पाहत होते, त्यामुळे मला दिसलं नाही. वडील हसले होते का?"

एवढंच.

झिपऱ्या, मला ते सांगता येईना. मी त्या फोटोवर संध्याकाळभर वाकून काम केलं होतं, भिंग लावून, केसाएवढ्या ब्रशने, आणि ते हसतायत की नाही हे मला आठवेना. मी फक्त खांबाकडे बघत होते.

इंजिनिअर गेल्यावर कपाट उघडलं. मूळ निगेटिव्ह गेली, पण पुसलेल्याची एक प्रत माझ्याकडे राहिली होती. खिडकीशी नेऊन पाहिली.

हसलेत. कॅमेऱ्याकडे बघून नाही, मान थोडी वळवून, तिच्याकडे बघून हसलेत.

हे तिला कसं कळवायचं, ते तू सांग. माझा हात आता पोस्टाच्या पेटीपर्यंत जात नाही.

तुझी
ताई